धक्क्याआधीची बावीस मिनिटं

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सुट्या भयकथांच्या मालिकेतल्या सहाही भागांच्या संहिता वाचल्या. कल्पना दमदार आहेत. अडचण एकच, पण ती सहाही भागांत आहे. शेवटचा धक्का आधी सुचलाय आणि त्याआधीची बावीस मिनिटं त्या धक्क्याची वाट बघण्यात जातात.

रोजच्या मालिकेत प्रेक्षक पात्रांना ओळखत असतो, त्यामुळे एखादा ढिला भागही निभावून जातो. सुट्या कथांच्या मालिकेत दर भागात नवी गोष्ट, नवी माणसं, म्हणून ती ओळख दर भागात नव्यानं करून द्यावी लागते. माणूस कोण, त्याला काय हवंय आणि इथलं जग आपल्यापेक्षा कशात वेगळं आहे, हे पहिल्या दोन-तीन मिनिटांत कळायला हवं. वेगळेपणही एकच असू दे. तुझ्या तिसऱ्या भागात मेलेल्यांचे फोन येतात आणि घड्याळंही उलटी फिरतात. घड्याळं काढून टाक. इथे काहीही घडू शकतं असं एकदा वाटलं, की प्रेक्षकाची भीती संपते.

अभ्यासाला 'द ट्वायलाइट झोन' ही सुट्या गूढकथांची अमेरिकन टीव्ही मालिका घे. १९५९ ते १९६४, पाच सीझन, १५६ भाग. त्यातले ९२ एकट्या रॉड सर्लिंगनं, म्हणजे मालिकेच्या निर्मात्यानंच, लिहिलेले. यातला १९६० सालचा 'आय ऑफ द बिहोल्डर' हा भाग आधी नुसता बघ आणि मगच पुढे वाच, कारण मी शेवट सांगणार आहे.

एक बाई इस्पितळात आहे. चेहरा पूर्ण बँडेजमध्ये. चेहरा 'सुधारण्याचा' हा अकरावा उपचार, आणि नियमाप्रमाणे शेवटचा. तो फसला तर तिला तिच्यासारख्यांच्या वस्तीत धाडणार. बँडेज सुटतं तेव्हा बाई आपल्या नजरेला सुंदर दिसते, आणि डॉक्टर-नर्स उजेडात येतात तेव्हा त्यांचे चेहरे डुकरासारखे असतात. आता पुन्हा बघ, आवाज बंद करून. बँडेज सुटेपर्यंत डॉक्टरांचा चेहरा एकदाही धड दिसत नाही. कधी पाठ, कधी सावली, कधी वरून घेतलेला शॉट. तरी संशय येत नाही, कारण खोली अंधारी असण्याला आणि बाईचे डोळे झाकलेले असण्याला कथेतच कारण आहे. जे बाईला दिसत नाही, ते आपल्यालाही दिसत नाही, एवढंच वाटतं. मग तिसऱ्यांदा फक्त ऐक. दिग्दर्शक डग्लस हेज यांनी नट निवडताना आवाजाला महत्त्व दिलं होतं. ते मायाळू आवाज ऐकून माणसासारखे चेहरे आपणच मनात रंगवतो.

तुझ्या दुसऱ्या भागातली मावशी नऊ प्रसंगांत कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी आहे, आणि का, ते कुठेच नाही. तिसऱ्या प्रसंगातच प्रेक्षक ओळखेल. वीज गेलेली दाखव, एकच बॅटरी आणि ती भाच्याच्या हातात. मग उजेड कुठे पडतो हे भाचा ठरवेल, आणि तो मावशीच्या तोंडावर बॅटरी कशाला मारेल?

आणखी एक बघ. 'आय ऑफ द बिहोल्डर'मध्ये धक्क्यानंतरही कथा थोडी चालते. बाई पळते आणि तिच्यासारखाच एक माणूस तिला न्यायला येतो. सुंदर कोण हे ठरवतं कोण, हा प्रश्न त्या शेवटच्या मिनिटांत अंगावर येतो. तू मात्र धक्का बसला की लगेच पडदा पाडतोयस, सहाही वेळा. निदान दीड मिनिट दे.

लांबीचा मोह टाळ. त्या मालिकेचा चौथा सीझन तासाभराच्या भागांचा केला होता. असे अठरा भाग झाले आणि पाचव्या सीझनला पुन्हा अर्धा तास आला. एका कल्पनेवर उभी असलेली गोष्ट ताणली की मधल्या भागात 'हे खरं नाही, तुला भास होतोय' हा प्रसंग फिरून फिरून येतो. तुझ्या पाचव्या भागात तो चारदा आलाय. एक ठेव.

साधारण एका पानाला एक मिनिट धर, म्हणजे संहिता पंचवीस पानांची. नवख्या चमूला दिवसाला चार-पाच पानांपेक्षा जास्त झेपत नाही. रात्रीचं बाहेरचं चित्रण असेल तर तीनच धर. म्हणून दोन जागा आणि चार माणसं यांत बसेल तेवढंच लिही.

राक्षस दाखवायचाच असेल तर त्याच मालिकेतला १९६१ सालचा 'द इन्व्हेडर्स' बघ. अभिनेत्री अ‍ॅग्नेस मूरहेड तोंडातून एक शब्द न काढता अख्खा भाग पेलते. पण तिच्या घरात शिरलेले ते छोटे अंतराळवीर जास्त वेळ समोर राहिले की खेळणी वाटू लागतात. बाहुलीचे पाय जमिनीला टेकतात तिथेच सोंग उघडं पडतं. पाय चौकटीबाहेर ठेव आणि शॉट दोन सेकंदांच्या आत काप.

अंधार चित्रित करताना कमी उजेडात कॅमेऱ्याचा आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढवू नकोस, सावल्यांत दाणे नाचतात. खिडकीतून किंवा दारातून येतोय असा एक दिवा ठेव, चेहऱ्याची एक कड उजळ, आणि काळोख एडिटिंगच्या वेळी गडद कर. ऑनलाइन चढवताना फाइल दाबून लहान केली जाते, तेव्हा काळ्या भिंतीवर पट्टे उमटतात. वरून बारीक ग्रेन, म्हणजे फिल्मसारखा दाणेदार पोत, घातलं की ते बरेच लपतात. शेवटची प्रत दुपारी, मोबाइलवर, ब्राइटनेस निम्मा ठेवून तपास. बहुतेक लोक तशीच बघणार आहेत.

दर जागी सगळ्यांना गप्प बसवून तीस सेकंद नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड कर. तो नसेल तर संवादांमधली शांतता कापल्यासारखी ऐकू येते. पंखा बंद, फ्रिज बंद. आणि फ्रिज पुन्हा सुरू करायचं विसरू नये म्हणून गाडीची किल्ली त्यातच ठेव.

आधी दुसरा आणि तिसरा भाग नव्यानं लिहून पाठव. बाकीचे चार तोवर हातात घेऊ नकोस.