तिथी दिसते, पण क्लासचं नाव बापाचंच

प्रश्न : ताई, वडिलांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट नोंदवायला क्यूटी (खिडक्या-बटणांची तयार लायब्ररी) आणि सी प्लस प्लसमध्ये प्रोग्रॅम लिहितोय. तारखेखाली तिथी हवी म्हणून क्यूटीच्या तयार कॅलेंडरवरून, म्हणजे क्यूकॅलेंडरविजेटवरून, ‘तिथीकॅलेंडर’ क्लास केला, दिवसाचा चौकोन रंगवणारं पेंटसेल स्वतः लिहिलं. तिथी झकास उमटतात. पण स्टाइलशीटमध्ये तिथीकॅलेंडरच्या नावाने महिन्याच्या बटणांना दिलेला रंग लागत नाही. क्लासची माहिती ठेवणाऱ्या मेटाऑब्जेक्टचं क्लासनेम छापलं, तर क्यूकॅलेंडरविजेट! मग तिथी काढतंय कोण?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुमचाच क्लास काढतोय. हेडर उघडा आणि क्लासच्या उघडत्या महिरपी कंसानंतर क्यू_ऑब्जेक्ट हा मॅक्रो आहे का बघा. नसणार. माझी एक अख्खी रात्र याच एका शब्दापायी गेलीय.

पेंटसेल व्हर्च्युअल आहे, म्हणजे मुलगा-क्लास ते स्वतःचं लिहू शकतो. कुणाचं चालवायचं ते सी प्लस प्लस स्वतः ठरवतं, क्यूटीला विचारत नाही. क्लासनेम मात्र क्यूटीच्या दप्तरातून, म्हणजे मेटाऑब्जेक्टमधून येतं. त्या दप्तरात नोंद करतो तो मॉक हा क्यूटीचा, कंपाइल व्हायच्या आधी चालणारा प्रोग्रॅम, आणि तीही हा मॅक्रो दिसला तरच. मुलाने वेगळी चूल मांडली, पण रेशनकार्ड वेगळं काढलंच नाही. मग नाव विचारलं की बापाचं कार्ड पुढे येतं. स्टाइलशीटही तेच कार्ड बघते.

खात्री करायचीय? जीसीसी हा कंपायलर वापरत असाल तर सी प्लस प्लसच्या टाइपआयडीचं नेम छापा. ‘१३तिथीकॅलेंडर’ असं काहीतरी येईल. तेरा म्हणजे रोमन स्पेलिंगमधली अक्षरं. म्हणजे कंपायलरला तुमचा क्लास नीट ठाऊक आहे.

मॅक्रो घातल्यावर लिंकरने व्हीटेबल (व्हर्च्युअल फंक्शनांचा तक्ता) सापडत नाही म्हणून बोंब मारली तर घाबरू नका, मॉक चाललेला नाही एवढंच. बिल्डसाठी क्यूमेक वापरत असाल तर ते पुन्हा चालवा. सीमेक असेल तर ऑटोमॉक चालू करा. क्लास थेट मेन डॉट सीपीपीमध्येच कोंबला असेल (घाईत सगळेच कोंबतात), तर फाइलच्या शेवटी मेन डॉट मॉक इन्क्लूड करा.

मग मेटाऑब्जेक्टपासून सुपरक्लास, सुपरक्लास करत नल येईपर्यंत नावं छापा : तिथीकॅलेंडर, क्यूकॅलेंडरविजेट, क्यूविजेट, क्यूऑब्जेक्ट. आत्ता, मॅक्रो नसताना, तीनच येतील. कॅलेंडरच्या पोटात काय आहे ते डम्पऑब्जेक्टट्री दाखवतं. मागच्या महिन्याच्या बाणाचं नाव तिथे क्यूटी_कॅलेंडर_प्रेव्हमंथ असं दिसेल. फाइंडचाइल्डने तो हाताशी येतो, पण ही नावं क्यूटीची घरगुती आहेत. पुढच्या आवृत्तीत बदलली तर तक्रार करायची सोय नाही.

आणि हो, या कॅलेंडरमध्ये रविवारसोबत शनिवारही लाल असतो. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तसं नसतं. सेटवीकडेटेक्स्टफॉरमॅटमध्ये शनिवारला कोरा क्यूटेक्स्टकॅरफॉरमॅट देऊन टाका, नाहीतर काउंटरवरच्या बाई शनिवारी दवाखाना बंद समजून पेशंटला सोमवारी बोलावतील.