मफलरचं भोक नको, पोट वाढवा

प्रश्न: माझ्या ट्रेनर (शिकाऊंसाठीच्या) मॉडेल विमानाला पॉइंट ४६ चं (०.४६ घन इंचाचं) टू-स्ट्रोक ग्लो इंजिन आहे. गावाबाहेरच्या माळावर उडवतो पण आता शेजारच्या वस्तीतून आवाजाची तक्रार यायला लागलीय. एक मित्र म्हणतो मफलरमधला बॅफल (धूर अडवणारा आतला पडदा) काढ आणि भोक मोठं कर, आरपीएम वाढतील. दुसरा म्हणतो भोक बारीक कर, आवाज कमी होईल. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: दोघांचंही नका ऐकू. बॅफल काढला की थोडे आरपीएम मिळतात हे खरं, पण आवाज वाढतो आणि वर इंधनाच्या टाकीचं प्रेशरही कमी होतं, कारण तुमच्या टाकीला जी नळी जाते ती मफलरच्या निप्पलवरूनच (नळी बसवायच्या टोकावरूनच) जाते ना. प्रेशर घटलं की वर हवेत मिक्स्चर लीन होणार, म्हणजे त्यात इंधन कमी पडणार, आणि नाक वर केलं की इंजिन बंद. आणि भोक बारीक केलं तर गरम धूर सिलेंडरमध्येच कोंडतो, इंजिन तापतं, पॉवर जाते. आवाज घटवण्याचा हा सगळ्यात वाईट रस्ता आहे असं माझं स्पष्ट मत.

आता नक्की होतं काय ते बघा. १२,००० आरपीएमला टू-स्ट्रोक सेकंदाला २०० वेळा धूर फेकतो. गरम धुरात आवाज साधारण ५०० मीटर सेकंदाला जातो, म्हणजे ती लाट झाली अडीच मीटरची, आणि आपला मफलर जेमतेम वीतभर, त्यामुळे मूळ धडधड लांबीच्या हिशोबाने अडवणं शक्यच नाही, तिथे कामाला येतं ते आतलं पोट, म्हणजे व्हॉल्यूम, आणि शेवटच्या नळीची लांबी. पोट मोठं आणि नळी लांब, की झटके आत मुरतात आणि बाहेर धूर सलग निघतो.

म्हणून स्टॉक मफलर तसाच ठेवा आणि त्याच्या मागे सिलिकॉन नळीने दुसरा पातळ अॅल्युमिनियमचा डबा जोडा. त्या डब्याची बाहेरची नळी सरळ कडेला चिकटवू नका, डब्याच्या निम्म्या लांबीपर्यंत आत घुसवा, फरक लगेच कळतो. नळीचं क्षेत्रफळ मात्र जुन्या भोकाइतकं किंवा किंचित जास्त ठेवा. व्हर्नियरने मोजा, अंदाज नको: ८ मिमीचं भोक म्हणजे ५० चौरस मिमी, त्याऐवजी ६ मिमीच्या दोन नळ्या घातल्या तर साडेछप्पन्न होतात, म्हणजे चालतंय. डबा लोंबकळत ठेवू नका, सिलिकॉन नळीवर वजन आलं की ती फाटते, बॉडीला एक क्लॅम्प द्या. आणि नंतर सीजी, म्हणजे विमानाचा तोलबिंदू, परत तपासा.

जोडाला पाच मिनिटांचं इपॉक्सी अजिबात नको, उष्णतेने मऊ पडतं. गॅरेजवाले वापरतात ते हाय-टेंपरेचर गॅस्केट सिलिकॉन लावा, रात्रभर सुकू द्या. आत काचलोकर भरायचा सल्लाही कोणी देईल, पण ग्लो फ्युएलमधलं एरंडेल त्यात मुरतं आणि मग ती काही कामाची राहत नाही.

बदल केला की नीडल (इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) पहिल्यापासून सेट करा, रिच म्हणजे जास्त इंधनाच्या बाजूने सुरुवात करून. फुल थ्रॉटलला विमान धरून नाक सरळ आकाशाकडे करा, दहा-पंधरा सेकंद. आवाज खचला तर अजून थोडं उघडा. आणि मफलरचे बोल्ट इंजिन गार असताना दर वेळी घट्ट करा, ते ढिले होतातच.

एक गोष्ट बरेच जण विसरतात ती म्हणजे प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा. दोन पात्यांचा प्रॉप १२,००० ला ४०० हर्ट्झचा सूर काढतो, आणि आपल्या कानाला तो २०० पेक्षा जास्त टोचतो. ११ इंची प्रॉपचं टोक तेव्हा सेकंदाला १७५ मीटरने पळतं! ११x६ ऐवजी ११x७ लावा (पहिला आकडा व्यास, दुसरा पिच म्हणजे एका फेरीत कापायचं अंतर, दोन्ही इंचात), आरपीएम उतरतील, ट्रेनरला पॉवर पुरते. इंग्लंडमध्ये १९८२ च्या आचारसंहितेत मॉडेल विमानांसाठी ७ मीटरवर ८२ डेसिबल ही मर्यादा सांगितली होती, तोच आकडा समोर ठेवा, फोनमधलं अॅप अगदी अचूक नसतं पण आधी-नंतरची तुलना करायला पुरतं.

प्रश्न: फोर-स्ट्रोक घेतलं तर मफलर लागेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: लागतो, पण छोटा चालतो. फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदाच पेटतं, १०,००० आरपीएमला सेकंदाला ८३ वेळा, म्हणून सूर खालचा येतो आणि कानाला कमी खुपतो. बजेट असेल तर वस्तीजवळच्या मैदानासाठी तेच घ्या.