माल विकला की अडतीवर दिला? 'कन्साइनमेंट' या शब्दाचा घोळ

प्रश्न: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. हैदराबादच्या एका व्यापाऱ्याला दोन वेळा मिळून १८ गाठी पाठवल्या. बिले ४,८६,००० रुपयांची, मुदत ३० दिवस. दहा महिन्यांत फक्त १,४०,००० आले. आता ते म्हणतात, माल 'कन्साइनमेंट'वर होता, विकला तेवढ्याचे पैसे दिले, उरलेल्या गाठी गोदामात पाणी शिरून भिजल्या, ते नुकसान तुमचे. पुरावा म्हणून ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवरचा (माल पाठवल्याच्या पावतीवरचा) 'कन्साइनी' हा रकाना आणि माझ्या मुलाने चलनावर लिहिलेले 'कन्साइनमेंट नं. २' दाखवतात. आमचे पैसे बुडाले का?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातल्या हकिकतीवरून तरी पैसे बुडालेले नाहीत. एका शब्दाचे तीन अर्थ आहेत आणि तुमचे व्यापारी त्यातला त्यांच्या सोयीचा अर्थ उचलून बसले आहेत.

पहिला अर्थ वाहतुकीचा. इथे कन्साइनमेंट म्हणजे नुसती खेप. माल पाठवणारा कन्साइनर, ज्याच्या नावे पाठवला तो कन्साइनी. मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यातही हेच शब्द आहेत, त्यामुळे हा रकाना प्रत्येक बिल्टीवर असतोच. विक्री झाली की नाही, हे त्यावरून ठरत नाही. मुलाने लिहिलेले 'नं. २' म्हणजेही दुसरी खेप. शब्दापुढचा आकडाच ते सांगतो.

दुसरा अर्थ व्यापाराचा: अडतीवर दिलेला माल. मालकी तुमची, अडत्या तुमच्या वतीने विकतो, आपली अडत (कमिशन) कापून घेतो आणि विक्रीचा हिशोब पाठवतो. त्याचा हलगर्जीपणा नसताना माल खराब झाला, तर नुकसान मालकाचे. व्यापाऱ्यांचा सगळा डोलारा याच अर्थावर उभा आहे.

तिसरा अर्थ खरे तर जांगडीचा आहे, पण लोक त्यालाही कन्साइनमेंट म्हणतात. पसंत पडला तर ठेवा, नाहीतर परत करा. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम २४ प्रमाणे जांगड माल घेणाऱ्याने पुढे विकला, किंवा ठरलेल्या मुदतीत (मुदत नसेल तर वाजवी काळात) नकार न कळवता ठेवून घेतला, तर तो त्याने विकत घेतला असे धरतात. म्हणजे त्यांनी उद्या जांगडीचा मुद्दा काढला, तरी दहा महिने गप्प राहणे त्यांच्यावरच उलटेल.

साधी पक्की विक्री असेल तर ठरल्या वर्णनाचा माल ट्रान्सपोर्टकडे सोपवला की, उलट अट नसल्यास, मालकी सामान्यतः घेणाऱ्याकडे जाते आणि मालकीबरोबर जोखीमही जाते (कलम २३ व २६). मग गाठी भिजल्या त्या त्यांच्या.

यातले नेमके काय झाले, ते कोर्ट शब्दावरून नव्हे, वागण्यावरून ठरवते. अडत किती टक्के, हे कधी ठरले होते का? विक्रीचा हिशोब त्यांनी एकदा तरी पाठवला का? दर तुम्ही सांगितला आणि त्यांनी मान्य केला, की बाजारात मिळेल तो, असे बोलणे होते? आलेले १,४०,००० गोल रकमेचे हप्ते होते, की ठरावीक गाठींच्या विक्रीचे? ऑर्डरचे व्हॉट्सॲप मेसेज, ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) आणि बँकेचा उतारा एकत्र ठेवा. ई-वे बिलासोबतचा कागद 'टॅक्स इन्व्हॉइस' (करासह बिल) आहे की 'डिलिव्हरी चलन' (नुसता माल पाठवल्याचा कागद), तेही पाहा. मात्र एकट्या टॅक्स इन्व्हॉइसवर विसंबू नका, कारण अडत्याला पाठवलेल्या मालावरही जीएसटी लागू शकतो. ३० दिवसांची मुदत बिलावर छापलेली असणे मला जास्त मोलाचे वाटते. अडतीच्या मालाला पैसे देण्याची अशी तारीख सहसा नसते.

आता एक चूक कृपा करून करू नका. भिजलेल्या गाठी परत मागवू नका, क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढू नका, 'कन्साइनमेंटचा माल' असे शब्द उत्तरात वापरू नका. सौम्यपणे लिहिलेली अशी एक ओळ पुढे कबुली म्हणून वाचली जाते.

त्याऐवजी वकिलामार्फत नोटीस द्या. व्यवहार पक्क्या विक्रीचा होता हे आधी मांडा. मग बिलांवर इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतले का, हे विचारा. १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे न देणाऱ्याला ते क्रेडिट व्याजासह सोडावे लागते, म्हणून हा प्रश्न त्यांना टोचतो. शेवटी पर्यायी मागणी घाला: अडत्या असल्याचे म्हणत असाल तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २१३ प्रमाणे संपूर्ण हिशोब द्या, आणि गोदामात कोणती काळजी घेतली होती ते दाखवा.

तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) माल पाठवण्याआधीची असेल, तर एमएसएमई सुविधा परिषदेचा, म्हणजे लहान उद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी परिषदेचा, मार्ग सर्वात चांगला. खरेदीदार हैदराबादचा असला तरी महाराष्ट्रातल्या परिषदेकडे अर्ज चालतो. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नसेल, तर कायद्याने माल स्वीकारला गेला असे समजतात. थकबाकीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज मागता येते. पण हा एमएसएमई कायदा 'खरेदीदारा'विरुद्ध आहे, त्यामुळे तिथेही पहिली लढाई 'कन्साइनमेंट' या शब्दावर होईल. नोंदणी नंतरची असेल तर परिषदेच्या अधिकारावरूनच वाद निघतो. मग दिवाणी मार्ग बरा. तुमची बाकी ३,४६,००० आहे. दावा ३ लाखांहून मोठा असल्याने तो व्यापारी न्यायालयात जातो आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर आधी मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा आहे. मुदत ३ वर्षे, प्रत्येक बिलाचे ३० दिवस संपल्यापासून वेगळी मोजायची.

मेसेज पुरावा म्हणून द्यायचे असल्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे) प्रमाणपत्र जोडावे लागते. मोबाइल बदलू नका, चॅट पुसू नका.

आणि यापुढे चलनावर 'खेप क्र.' एवढेच लिहायला मुलाला सांगा.