मिरजेहून इंग्लंडला येताना

नर्सच्या नोकरीसाठी मिरज सोडायचं ठरतंय, पण आई एकटी राहणार, चर्चची मंडळी सुटणार, तिकडे विश्वास टिकेल का, असं तू विचारलंस. मीही मिरजेचीच, मिशन हॉस्पिटलमध्ये शिकलेली, म्हणून सविस्तर लिहिते.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचे २८ आणि २९ हे अध्याय एका बैठकीत वाच. बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांबद्दल खोटा संदेष्टा हनन्या यरुशलेमेत सांगतो, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया मात्र ७० वर्षं सांगतो आणि त्या बंदिवानांना पत्रातून कळवतो की घरं बांधा, मळे लावा, त्या नगरासाठी प्रार्थना करा. इथे कितीतरी मुली ‘दोन वर्षं काढू, कर्ज फेडू, परत जाऊ’ म्हणत येतात. मग ना शेजाऱ्यांशी ओळख होते, ना गावाशी. सगळा जीव पुढच्या तिकिटात. तू राहायला म्हणून ये.

सगळ्यात जड जातो तो ऑस्की परीक्षेचा, म्हणजे इथल्या नर्सिंग नोंदणीसाठीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा काळ. १० स्टेशनं, म्हणजे प्रात्यक्षिकाचे टप्पे असतात आणि पिन, म्हणजे नोंदणी क्रमांक मिळेपर्यंत नर्स म्हणून काम करता येत नाही. तिकडे अख्खा वॉर्ड सांभाळलेला असतो, इथे हात कसे धुतले तेही बोलून दाखवायचं. त्या दिवसांत मी ४२वं स्तोत्र धरून होते. त्यात भक्त स्वतःच्याच जिवाला विचारतो, तू का खिन्न झालास? रडू आलं म्हणजे विश्वास कमी पडला, असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस.

आपली सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) अँग्लिकन परिवारातलीच, त्यामुळे चर्च ऑफ इंग्लंडमध्ये प्रभुभोजनाला अडचण येत नाही. तरी पाळकसाहेबांकडून बाप्तिस्म्याचा आणि सभासदत्वाचा दाखला घेऊन ठेव. प्रत्येक रविवारी सुट्टी मिळणार नाही. तेव्हा आठवड्यातला बायबल अभ्यास चुकवू नकोस. मिरजेची दहाची उपासना इथे उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला येते. सुट्टी असेल तेव्हा आईबरोबर फोनवर ऐक, पण तेवढ्यावर भागवू नकोस. तापाने पडलीस तर दार वाजवायला इथलंच माणूस लागतं.

आता आईचं. ‘मंडळी बघेल’ एवढं मोघम ठेवू नकोस. दोन घरांशी नावानिशी बोल: औषधं कोण आणणार, बँकेत कोण नेणार, २०१९ सारखा कृष्णेला पूर आला तर ती कुणाकडे जाणार. हे आईच्या समोर बसूनच ठरव, आणि व्हिसाची वाट न बघता याच महिन्यात.