विक्का वाचायला घेतोयस? मग हे ऐक

विक्का म्हणजे निसर्ग पूजणारा एक आधुनिक पेगन धर्म (पेगन म्हणजे ख्रिस्तीपूर्व श्रद्धांवरून प्रेरणा घेणारे). आधी गोष्टीतली चेटकीण, सैतान हे डोक्यातून काढ, विक्कात सैतान ही भानगडच नाहीये, बहुतेक जण शिंगवाला देव आणि देवी अशी जोडी मानतात. आणि कुणी 'हजारो वर्षांची अखंड परंपरा' म्हणालं की सावध हो, कारण हे उघडपणे पुढे आणलं ते मलायात कस्टम्समध्ये नोकरी करून रिटायर झालेल्या जेराल्ड गार्डनरनं, इंग्लंडात, तेही १९५१ला चेटूकविरोधी कायदा रद्द झाल्यावर. नवं आहे म्हणून खोटं ठरत नाही हां! सण आठ, सगळे ऋतूंवर, म्हणून ३१ ऑक्टोबरचा साविन (Samhain, स्पेलिंग बघून सॅमहेन म्हणू नकोस, मी म्हणालोय) ऑस्ट्रेलियात, तिथले ऋतू उलटे म्हणून, बरेच जण एप्रिलअखेर करतात. आणि प्रत्येक पेगन विक्कन नसतो, ड्रुइड (केल्टिक परंपरेवरून चालणारे), हीदन (जुने जर्मॅनिक-नॉर्स देव मानणारे) वेगळे, त्यामुळे समोरच्याला आधी विचार.