किल्ली कनवटीलाच

प्रश्न : बाई, मिस्टर जाऊन आठ महिने झाले. दर रविवारी उपासनेला जाते, पण गीत तोंडातून फुटत नाही. चाळीस वर्षं प्रभूला मानलं आणि आता मनात येतं, माझा विश्वास मुळातच खोटा होता का? जॉन बनियन या इंग्रज लेखकाच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या गोष्टीत यात्रिकाचं पापाचं ओझं वधस्तंभापाशी गळून पडतं. माझंच परत का चढलं?
– एक भगिनी, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, ओझं पडतं तिथं गोष्ट संपत नाही. संशयाचा किल्ला वधस्तंभाच्या पुष्कळ पुढं लागतो, हे आपण विसरतो. यात्रिक आणि त्याचा सोबती आशावंत पाय दुखतात म्हणून कुरणातल्या मऊ वाटेला लागतात आणि त्या किल्ल्याच्या मालकाच्या, निराशा नावाच्या राक्षसाच्या तावडीत सापडतात. (तुम्ही वाट सोडलीत असं मी म्हणत नाही हं. दुःख सरळ वाटेवरही गाठतं.) बुधवार सकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत अंधारकोठडी. अन्न नाही, पाणी नाही, वर मार. जीव द्यावा असं यात्रिकाच्या मनात येतं, तेव्हा आशावंतच त्याला सावरतो. शनिवारी मध्यरात्री दोघं प्रार्थनेला लागतात. उजाडता उजाडता यात्रिकाला आठवतं, अभिवचन नावाची किल्ली तर आपल्या छातीशीच आहे! काखेत कळसा नि गावाला वळसा.

बनियननं हे ऐकीव लिहिलेलं नाही. भांडी सांधणारा माणूस. परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून १६६० पासून बारा वर्षं तुरुंगात होता, घरी आंधळी लेक. पुस्तक निघालं १६७८ साली.

आणि एक बारकावा बघा. आतली दारं चटकन उघडतात, पण बाहेरच्या लोखंडी फाटकाचं कुलूप फार जड जातं. किल्ली मात्र तीच.

आमच्या सासूबाईंच्या परड्याच्या दाराचं कुलूप आपल्या पावसात दरवर्षी गंजायचं. किल्ली कनवटीला. फिरली नाही म्हणून त्यांनी कधी ती टाकली नाही. दोन थेंब गोडं तेल सोडायच्या, किल्ली आत घालून तशाच उभ्या राहायच्या, मग हलक्या हातानं पुन्हा फिरवायच्या. कधी कधी पाऊण तास.

तुम्ही त्या शेवटच्या फाटकाशी आहात, ताई. विश्वास खोटा असता तर गीत फुटत नाही याचं इतकं दुःख झालंच नसतं. सध्या बायबलमधलं तेविसावं स्तोत्र अख्खं नको, रोज एकच ओळ म्हणा. मनात येतं ते एका तरी मैत्रिणीला बोलून दाखवा.

वायल्डर मेमोरियल चर्चला येत असाल, तर मी मागच्या बाकावर असते. शेजारी येऊन नुसत्या बसा. गीत मी म्हणेन.