आठवीतली मुलं सारखी उशिरा येतात, दांड्या मारतात. समुपदेशनाने फरक पडेल का? (नागपूर)

पडतो, पण मुलाला बोलावण्याआधी हजेरीपट वाचा. सहावी ते आठवीला वर्षाचे किमान 220 दिवस शाळा असते. त्यातले 22 बुडाले म्हणजे दहा टक्के गेले. तिथवर थांबू नका, महिन्यात 3 खाडे झाले की बोलावा. वारही बघा. तान्ह्या पोळ्याच्या सणाची दांडी वेगळी. दर गुरुवारी गणिताच्या चाचणीलाच पोट दुखत असेल तर ती भीती आहे.

एकट्याशी पंधरा मिनिटं बोला. “का आला नाहीस?” विचारलं की “बरं नव्हतं” एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी, “उठल्यापासून फाटकापर्यंत काय काय होतं, सांग.” मग कळतं: नळ साडेसहाला येतो, धाकटीला अंगणवाडीत सोडायचं असतं, हिंगण्याहून येणारी ‘आपली बस’ (शहर बस) निघून जाते. मुलीच्या खाड्यांमागे कधी शाळेतलं घाण स्वच्छतागृह असतं, ते तर शाळेनेच सुधारायचं.

एका वेळी एकच अडचण सोडवा आणि दोन आठवडे रोज हजेरी बघा. गैरहजर मुलाच्या घरी त्याच दिवशी फोन जायला हवा. उशिरा आलेल्याला वर्गाबाहेर मात्र उभं करू नका. तो पुढच्या वेळी उशिरा येत नाही, येतच नाही.